सात ठोके

माझ्याकडे वाद्य म्हणावं असं काही नाही.
दोन लोखंडी घंटा,
मोठीच्या कुशीला छोटी सांधलेली,
आई आणि तिचं कडेवरचं पोर.
गान्कोगुई म्हणतात तिला आमच्याकडे.
आणि एक काठी.
मी सात ठोके देतो. मग पुन्हा सात.
बारा मात्रांत सात.
उरलेल्या पाचांचं काय, ते मला कुणी सांगितलं नाही.

आग्बेन्येगानं शिकवलं.
मी सहा वर्षांचा, कांद्याच्या वाफ्यात अनवाणी,
आणि ठोका हलला की
ओली झावळी सपकन पोटरीवर.
"ढोल आपसांत भांडतील. बायका खिदळतील.
कुणी मरेलसुद्धा.
तू हलायचं नाहीस. तू भिंत."
मी म्हणालो, भिंत तर समुद्रानं नेली,
आमची तिसरी, ह्याच वर्षी.
झावळी पुन्हा बसली.

आज तो आतल्या खोलीत, विणलेल्या भारी वस्त्रात,
आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर तयार.
बाहेर अंगणात आम्ही.
कागान कुरकुरतो, किदी त्याला समजावतो,
भोपळ्याचे खुळखुळे मांडीवर आपटतायत,
आणि मधोमध त्याचा सोगो
आडवा, तोंड समुद्राकडे,
त्याला कुणी हात लावत नाही.
त्याच्या जागी जे येतं
त्याला शांतता म्हणवत नाही मला.
तिथे वारा येतो, माशांच्या धुराचा वास येतो,
आणि सगळे माझ्याकडे बघतात.
मी सात ठोके देतो.

कुंपणापाशी आक्राहून आलेली पोरं.
त्यांचा स्पीकर बंद करायला लावलाय,
पण अंग बंद होत नाही त्यांचं.
एटोर्नाम, धाकट्या लेकीचा मुलगा,
माझ्याच घंटेवर आझोन्टो नाचतोय:
एका टाचेवर फिरत
हवेत शर्टाला इस्त्री,
मग गाडीचं चाक,
मग कानाशी फोन, कुणाशी तरी लाडिक बोलणं.
मोठी माणसं घसा खाकरतात.

डझिग्बोर्डी, ऐंशीच्या पुढची, मृताची मोठी बहीण,
खुर्चीतून बघते, बराच वेळ.
"इस्त्री करतोय मेला," ती म्हणते,
"आणि स्वतःचा शर्ट बघा त्याचा."

मग काठी शेजारणीच्या मांडीवर टाकून
उठते.
गुडघे वाकतात, तेवढे वाकतात जेवढे वाकायचे,
कोपरं पंखांसारखी बाहेर,
आणि पाठीवरची दोन पाती
उघडतात, मिटतात,
उघडतात.
आग्बाझा असा पाठीतून नाचतात.
चेहऱ्याला त्यातलं काही कळू द्यायचं नसतं.
खाडीतून उठणारा बगळा असाच,
आधी वजन, मग हवा.
पोराच्या समोर जाऊन ती थांबते
आणि पाती चालू ठेवूनच
हातांनी मासे उलटायला लागते.
मातीची भट्टी, जाळी, एकेक मासा,
चटका बसला, बोट तोंडात,
धूर डोळ्यांत गेला, पदराचं टोक शोधलं,
मग एक मासा गुपचूप कमरेला.
भावासाठी. तो लहान असताना.
हे तिनं सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं.

एटोर्नामनं फोन ठेवला, तो हवेतला.
वाकला. हात पुढे केला.
तिनं त्याला मासा दिला.
त्यानं तो इस्त्री केला.

अख्खं अंगण फुटलं हसून,
किदीवाला काठी टाकून हसला,
आतल्या खोलीत रडणाऱ्या बायका दाराशी येऊन हसल्या,
आणि मी, चाळीस वर्षांचा भिंत,
मीही.

ठोका गेला.
चौथा, की पाचवा.
पोटरी आपोआप आवळली.

झावळी आली नाही.

मी वाट बघितली.
एक मात्रा. दोन.
मग मोठ्या घंटेवर, आईवर,
पहिल्यापासून.